बिल्ला बोटीवर, आजोबा बेटावर

"नाही, नाही आणि नाही! त्या दाराला कुणी हात लावायचा नाही!" केबिनच्या दारासमोर हात पसरून आत्या म्हणाली. "बाबांचा आत्ता कुठे डोळा लागला असेल."

"असेल म्हणजे? लागताना पाहिलास का तू?" वकिलाने विचारलं.

"हे बघ, तुझ्या उलटतपासणीला माझ्याकडे वेळ नाही! नखशिखांत भिजलेय मी. आणि तुम्हीही डोकी पुसा आधी, नाहीतर घरी गेल्यावर सगळ्यांची बोलणी मलाच खावी लागतील!" आजोबांचा ओला कोट खांद्यावर टाकून आत्या तरातरा स्वतःच्या केबिनमध्ये शिरली.

वकील म्हणजे मुंगीचा थोरला भाऊ. शिकत होता आठवीत, पण "जेवायला बस" म्हटलं तरी "कोणत्या कारणास्तव?" असं विचारायचा, म्हणून आजोबांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं. आत्याच्या मुलाचं नाव त्यांनी ठेवलं भोंगा. तो कानात कुजबुजला की नदीच्या दोन्ही काठांवरची पाखरं उडायची. आणि मुंगी ती मुंगीच! अंगाने एवढीशी, पण एखाद्या गोष्टीला चिकटली की सुटायचं नाव नाही.

या सुट्टीत आजोबा आणि आत्या तिघांना घेऊन जंगलातल्या नदीवर बोटीची सफर करायला आले होते. जाहिरातीत काळा बिबट्या होता, अजगर होता, झाडाझाडाला लटकलेली वानरं होती. प्रत्यक्षात दिसले ते डास. पण काय ते डास! एकाने कॅमेरावाल्याच्या डोक्यावरची टोपी उचलून पलीकडच्या काठावर नेली, असं बोटीवरचा खलाशी शपथेवर सांगायचा. कॅमेरावाला म्हणजे तोफेएवढी लेन्स गळ्यात घालून फिरणारा एक गृहस्थ. सकाळीच तो "बिबट्याचा कान! बिबट्याचा कान!" करून नाचला होता. कप्तानाने एवढी मोठी बोट वळवून मागे नेली, तर कान म्हणजे एक वाळकं पान निघालं!

दुपारी मात्र बोट नदीतल्या एका बेटाला लागली होती. उतरताना प्रत्येकाने आपापल्या नावाचा पितळी बिल्ला फळ्यावरून काढून घ्यायचा आणि परत आल्यावर खिळ्याला टांगायचा, अशी इथली पद्धत. सगळे खिळे भरले की कप्तान शिट्टी फुंकणार आणि बोट सुटणार. बेटावर पाणमांजरं दिसली, एकच गलका झाला आणि तेवढ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. जो तो डोक्यावर मिळेल ते धरून बोटीकडे पळाला.

मुंगीही पळाली होती. आणि आता ती त्या बंद दाराकडे एकटक बघत होती.

"काय गं? तोंड का पाडलंस?" भोंग्याने विचारलं.

"आजोबांनी अजून माझा कान कसा नाही पिळला?"

"पिळायला हवा होता?"

"हो." मुंगीचा आवाज एकदम बारीक झाला. "बेटावर ते म्हणाले होते, 'मी त्या झुडपामागे धनेश पक्ष्याचं घरटं बघत बसतो, निघताना हाक मार.' आणि मी विसरले. पाणमांजरं बघता बघता साफ विसरले! बोटीवर आल्यावर आठवलं, तर फळ्यावर त्यांचा बिल्ला टांगलेला होता. म्हटलं, सुटले, आलेत ते. पण आले असते तर आल्या आल्या मला शोधून कान नसता पिळला? आणि चहाची घंटा होऊन गेली. चहा सोडून आजोबा झोपतील?"

वकिलाने खाली वाकून व्हरांड्याची फरशी न्याहाळली. "गंमत बघा. प्रत्येक दाराशी चिखलाचे पाय उमटलेत. आजोबांच्या दाराशी चिखलाचा ठिपकासुद्धा नाही."

मग मात्र मुंगीने कुणाला विचारलं नाही. तिने दार ढकललं.

पलंगावरची चादर सुरकुतीशिवाय होती. टॉवेल कोरडा होता. पलंगाखाली सपाता एकमेकींना चिकटून धन्याची वाट बघत होत्या. आजोबा नव्हते!

"न्हाणीघरात असतील," भोंगा कुजबुजला आणि व्हरांड्याच्या टोकाच्या न्हाणीघरातून कुणीतरी अनोळखी माणूस ओरडला, "नाहीयेत! मी आहे!"

तिघांनी बोट पालथी घातली. इंजिनाच्या खोलीत पाहिलं, स्वयंपाकघरात पाहिलं, वरच्या मजल्यावर ताडपत्रीखाली पाहिलं. भोंगा तर बटाट्यांच्या पिंपातही डोकावून आला. "तिथे कशाला?" वकिलाने विचारलं तर म्हणाला, "उगाच मनात किंतू नको."

आजोबा कुठेच नव्हते.

मुंगी आत्याकडे धावली. "आत्या, आजोबा बोटीवर नाहीत!"

आत्या केस पुसत होती. "काहीतरीच काय! हा त्यांचा कोट माझ्याजवळ आहे की नाही? मग ते बेटावर राहतील कसे? बसले असतील कुठेतरी कोपऱ्यात दुर्बीण लावून. तुमच्या दंग्याला कंटाळून लपतात ते, ठाऊक आहे मला."

"पण आम्ही सगळीकडे पाहिलं!"

"म्हणजे चांगलेच लपलेत. बिल्ला आहे ना फळ्यावर? झालं तर!"

कप्तानही तेच म्हणाला. तो सुकाणूपाशी उभा होता आणि त्याची नजर पाण्यावरून हलत नव्हती. नदीचा रंग बदलला होता. सकाळची हिरवी नदी आता विटेसारखी लाल झाली होती आणि तिच्यातून मुळांसकट उपटलेली झाडं वाहत येत होती.

"मुली, तो फळा बघ. एक तरी खिळा रिकामा आहे का? नाही. म्हणजे सगळे बोटीवर आहेत. ज्या दिवशी हा फळा खोटं बोलेल, त्या दिवशी मी बोट विकून कोंबड्या पाळीन."

"पण काका, आजोबा नाहीत हो खरंच!"

"शोध, सापडतील. मला अंधार पडायच्या आत नदीतल्या दगडांची वाट ओलांडायची आहे. वर डोंगरात धो धो पाऊस झालाय. पाणी चढतंय."

वकील पुढे सरकला. "आणि पाणी चढलं की त्या बेटाचं काय होतं?"

"बेटाचं काय व्हायचंय? बुडतं. दरवर्षी बुडतं, दरवर्षी वर येतं. जा आता, सुकाणूपाशी गर्दी नको."

मुंगीला पुढचं काही ऐकूच आलं नाही. पायांखालचं इंजिन धडधडत होतं आणि प्रत्येक धडधडीबरोबर बोट आजोबांपासून लांब, आणखी लांब चालली होती. ते तिथे असतील. घरट्यातून चोच बाहेर यायची वाट बघत. आपल्याला कुणीतरी हाक मारणार आहे, अशा भरवशावर.

मागच्या कठड्याशी जाऊन ती मटकन बसली. रडूही येईना.

"आत्या ऐकत नाही, कप्तान ऐकत नाही," वकील येरझाऱ्या घालू लागला. "त्यांच्याकडे बिल्ल्याचा पुरावा आहे. आपल्याकडे काय आहे? कोरडा टॉवेल! कोणत्याही न्यायालयात..."

"न्यायालय घाल चुलीत!" मुंगी कडाडली. "पाणी चढतंय रे! आजोबांना पोहता येत नाही!"

भोंग्याच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी गळायला लागलं आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज होत नव्हता.

वरच्या मजल्यावरून कॅमेरावाल्याचा करवादलेला सूर ऐकू आला. "एवढा प्रवास केला, आणि दाखवायला काय? एक वाळकं पान!" बाकीचे प्रवासीही त्याच्या सुरात सूर मिळवत होते.

मुंगी ताडकन उठली.

"सकाळी पानासाठी बोट वळवली होती ना?"

"हो. मग?"

"माणसासाठी वळत नाही, पण बिबट्यासाठी वळते! भोंग्या, नाक पूस. तुला कुजबुजायचंय."

"मला? मला नीट कुजबुजता कुठे येतं?"

"म्हणूनच तर!"

तिघे वरच्या मजल्यावर गेले. कॅमेरावाल्याकडे पाठ करून कोपऱ्यात डोकी जुळवून बसले. मुंगीने भोंग्याला कोपराने ढोसलं.

"मी काय म्हणतो," भोंगा कुजबुजला आणि वरच्या मजल्यावरची एकूण एक मान वळली, "बेटावर काळा बिबट्या बघितला ते कुणाला सांगायचं नाही ना?"

"शूऽऽ! हळू!" वकील म्हणाला. "सांगितलं तर सगळे तिकडेच पळतील."

"केवढा मोठा होता! फांदीवर लोळत होता, शेपटी खाली सोडून! आणि जांभई दिली तेव्हा त्याची पडजीभ दिसली मला!"

पडजीभ जरा जास्त झाली, असं मुंगीला वाटलं. पण कॅमेरावाल्याची खुर्ची एव्हाना उलटी पडली होती आणि तो जिन्यावरून खाली धावत सुटला होता! त्याच्यामागे बाकीचे सगळे. "कप्तान! बोट वळवा! बिबट्या! बेटावर बिबट्या!"

"वेड लागलंय का? पाण्याकडे बघा!" कप्तान ओरडला.

"जाहिरातीत काय छापलंय? आणि दाखवलंत काय? डास!"

"वळवा! वळवा! वळवा!"

कप्तानाने पाण्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, हात उगारून उभ्या असलेल्या त्या जमावाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "लांबून बघायचं. कुणी उतरायचं नाही. लगेच परत!"

बोट वळली!

वकिलाने मुंगीचा हात घट्ट धरला.

आता बोट प्रवाहाविरुद्ध जात होती. इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकत होतं. वाहत आलेले ओंडके बोटीवर धाडधाड आपटत होते आणि खलाशी लांब बांबूने ते बाजूला सारत होता. काठावरची झुडपं अर्धी पाण्यात गेली होती. मुंगी मनातल्या मनात बोटीला ढकलत होती. चल ना गं. चल ना!

वळण आलं. बोट वळणाबाहेर पडली.

बेट नव्हतं.

जिथे दुपारी वाळू होती, जिथे पाणमांजरं खेळत होती, तिथे लाल पाण्याचे भोवरे गरगरत होते. पाण्यातून झाडांचे शेंडे तेवढे वर आले होते, बुडणाऱ्या माणसाच्या बोटांसारखे.

"गेलं बेट! आता कसला बिबट्या न काय! चला परत!" म्हणत कप्तान सुकाणू फिरवू लागला.

मुंगीने झेप घेऊन सुकाणूचं चाक दोन्ही हातांनी धरलं. त्याच्याबरोबर ती अर्धी वर उचलली गेली, पण तिने सोडलं नाही.

"बिबट्या नाही! बिबट्या नव्हताच! आम्ही खोटं बोललो! आजोबा आहेत तिथे, माझे आजोबा! मला म्हणाले होते, 'निघताना हाक मार', आणि मी मारली नाही! मी विसरले! तुम्ही मला पाण्यात फेका, पण बोट वळवू नका!"

कप्तानाचा हात चाकावर थांबला.

"खोटं?" कॅमेरावाला संतापून पुढे झाला. "म्हणजे एवढ्या पुरात आम्हाला..."

"थांबा," आत्या म्हणाली.

तिचा आवाज ओळखू येत नव्हता. तिने खांद्यावरचा कोट हातात घेतला होता. खिशाच्या वरच्या बाजूला कापडात पिन टोचल्याची दोन भोकं होती आणि ती त्यांवरून बोट फिरवत होती.

"उकडतंय म्हणून बाबांनी कोट काढून माझ्याकडे दिला. त्याला बिल्ला लावलेला होता." तिने कोट मुठीत आवळला. "बोटीवर आल्यावर वाटलं, हा हरवायला नको. म्हणून मीच... मीच तो खिळ्याला टांगला. माझ्या बिल्ल्याबरोबर. बाबा मागून येतच आहेत, असं समजून."

मग तिने जी किंकाळी फोडली, "बाबाऽऽ!" ती ऐकून भोंगासुद्धा दचकला. आवाज त्याला कुणाकडून मिळाला होता, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

कप्तानाने फळ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने मुंगीची बोटं एकेक करून चाकावरून सोडवली, पण चाक मात्र बेटाकडेच फिरवलं.

"सगळे कठड्याशी! दोन्ही बाजूंना! प्रत्येक झाड बघा! भोंगा वाजवा!"

"मी?" भोंग्याने विचारलं.

"बोटीचा!... बरं, तूही वाज!"

बोटीचा भोंगा वाजला, आत्याचा भोंगा वाजला. "आजोबाऽऽ!" उत्तरादाखल फक्त पाण्याचा घोंघाट. एक झाड गेलं. रिकामं. दुसरं गेलं. त्याच्या फांदीला आजोबांच्या दुर्बिणीचा पट्टा अडकून लोंबत होता. नुसता पट्टा. आत्या खाली बसली.

मुंगी बसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर सगळं पुसट व्हायला लागलं होतं, पण ती पापण्या फाडून बघत राहिली. बसलं की संपलं, एवढंच तिला कळत होतं.

आणि मग ते थोरलं झाड दिसलं.

बेटाच्या टोकाला एक अवाढव्य वड पाण्यात कमरेएवढा उभा होता. बेटावर जे जे म्हणून जिवंत होतं, ते ते सगळं त्या एका झाडावर चढून बसलं होतं! खालच्या फांदीला अजगराने विळखे घातले होते. त्याच्या शेजारी, अगदी अंगाला अंग लावून, ससे. वर घोरपडी, त्यांच्या वर खारी, त्यांच्या वर ओलीचिंब वानरं पोरांना छातीशी धरून. कुणी कुणाला खात नव्हतं, कुणी कुणावर ओरडत नव्हतं. सगळे नुसते पाण्याकडे बघत होते. सफरीभर जे दिसावं म्हणून लोक तडफडत होते, ते सगळं एका झाडावर!

"अरे देवा," कॅमेरावाला पुटपुटला. "ते बघा, वर! पांढरं वानर!"

"ते वानर नाही!" मुंगी ओरडली. "ते माझे आजोबा आहेत!"

आजोबाच होते! दोन्ही हातांनी फांदीला मिठी मारून, डोळे मिटून. एक पाय खाली लोंबत होता. त्यांच्या पाठीला पाठ लावून एक थोराड वानर बसलं होतं आणि दोघेही सारखेच कुडकुडत होते.

बोट झाडाला भिडवणं शक्यच नव्हतं. भोवऱ्याने तिच्या चिंध्या केल्या असत्या. खलाशाने कमरेला दोर बांधला आणि कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाने मान हलवली. खलाशी पाण्यात झेपावला.

"धरा दोर! सगळ्यांनी!"

मुंगी, वकील, भोंगा, आत्या, सगळे प्रवासी, सगळ्यांनी दोर धरला. खलाशी एकदा बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. दोर सापासारखा हातांतून सळसळत निघाला. मुंगीच्या तळव्यांची सालं निघाली. पायांखालची फरशी निसटत होती आणि तीही दोराबरोबर कठड्याकडे घसरत चालली होती, तेवढ्यात मागून दोन दांडगे हात आले आणि त्यांनी दोर थांबवला. कॅमेरावाला! त्याने दोर स्वतःच्या कमरेला गुंडाळला होता आणि त्याची ती तोफ कुठेतरी फरशीवर लोळत होती.

"सोडू नकोस, पोरी! मी आहे!"

खलाशी झाडाला पोचला. अजगराला वळसा घालून वर चढला. आजोबांना पाठीला बांधलं आणि पुन्हा पाण्यात! "ओढाऽऽ!" ओढताना कोण रडत होतं आणि कोण ओरडत होतं, काही कळत नव्हतं. शेवटी एक पांढरं डोकं कठड्याशी आलं आणि आत्याने त्याला अशी काही मिठी मारली की पाण्यातून वाचलेल्या माणसाचा जीव तिथेच गुदमरायचा.

आजोबांना घोंगडीत गुंडाळलं. मुंगी त्यांच्या पायाशी उभी होती. जवळ जायचा तिला धीर होत नव्हता.

"आजोबा, मी हाक मारली नाही."

आजोबांनी डोळे उघडले. "मारली असतीस तरी काय मोठासा आलो असतो? पिल्लू चोच बाहेर काढत होतं. 'आलो, आलो' म्हणत तिथेच बसलो असतो. मला काय तू आज ओळखतेस?" त्यांनी हात पुढे केला. तिचा सोललेला तळवा पाहून त्यांचा आवाज चिरकला. "ये इकडे."

मग मात्र मुंगीला रडू आलं. आणि आलं ते असं, की नदीचं पाणी आणखी वीतभर चढलं!

"चला, निघू या!" कप्तानाने आवाज दिला.

"काका, त्यांचं काय?" भोंग्याने झाडाकडे बोट दाखवलं. पाणी अजगराच्या फांदीला लागलं होतं. सशांना वर चढता येत नव्हतं.

"आता मी काय जनावरांचीही ने-आण करू?" कप्तान म्हणाला. त्याने झाडाकडे पाहिलं. आजोबांकडे पाहिलं. तिन्ही मुलांकडे पाहिलं. आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत त्याने खलाशाला हाक मारली. "मधे एक ओंडका अडकलाय. त्याचं टोक दोराने ओढून घे. जवळ जात नाही मी, पण पूल होईल तेवढा."

ओंडक्याचं एक टोक झाडाला टेकलेलं होतं, दुसरं बोटीच्या काठाला टेकलं. आधी कुणीच हललं नाही. मग ते थोराड वानर ओंडक्यावरून चालत आलं, टपावर चढलं आणि मागे वळून त्याने एक हुंकार दिला. मग काय! वानरं आली, खारी आल्या, घोरपडी आल्या, कानांवर पाणी झेलत ससे आले. अजगर सगळ्यांत शेवटी आला, अगदी सावकाश, तिकीट काढून आल्यासारखा. प्रवासी मागे सरकत सरकत आतल्या दिवाणखान्यात गेले आणि कप्तानाने काचेची दारं लावून घेतली.

बोट उंच काठाच्या दिशेने निघाली.

"पोरांनो," चाक धरल्या धरल्या कप्तान म्हणाला, "कप्तानाशी खोटं बोललात, त्याबद्दल तुमचे कान उपटायला हवेत. पण फळ्यापेक्षा तुम्ही खरं बोललात. आज तुम्ही नसता तर मला जन्मभर झोप लागली नसती. शाबास! माझ्या बोटीवर येऊन माणसं मोजायचं काम कराल?"

"कोणत्या अटींवर?" वकिलाने विचारलं.

"आणि कोंबड्या कधी घेताय?" भोंगा कुजबुजला. आतले सगळे खो खो हसले. आत्यासुद्धा हसली, डोळे पुसत, दोन्ही भावंडांना आणि भोंग्याला एकदमच कवेत घेत.

काचेबाहेर डेकभर जनावरं बसली होती. एक वानरीण पोराला काखोटीला मारून काचेपाशी आली. तिने नाक काचेला टेकवलं आणि आत पाहिलं. घोंगडीतले आजोबा, त्यांच्या कुशीतली मुंगी, भिजून कुडकुडणारा कॅमेरावाला, सगळ्यांवरून तिची नजर संथपणे फिरली. मग तिने आपल्या पिल्लाचं डोकं धरून हळूच काचेकडे वळवलं, त्यालाही नीट दिसावं म्हणून.